सही कोणाची, शरीर कोणाचे?

लिबियातील बेंगाझी शहराच्या बालरुग्णालयात १९९८ साली चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. आईबाप संतापले, सरकार हादरले आणि काही महिन्यांतच तेथे काम करणाऱ्या पाच बल्गेरियन परिचारिका व एक पॅलेस्टिनी शिकाऊ डॉक्टर यांना अटक झाली. या सहा जणांनी मुलांच्या शरीरात मुद्दाम विषाणू टोचला, असा आरोप होता. २००१ साली नायजेरियातील अबुजा येथे एड्सविषयक परिषदेत बोलताना कर्नल गडाफी यांनी हा सारा प्रकार सीआयए किंवा मोसाद यांनी करवून घेतलेला प्रयोग असल्याचे जाहीरपणे सुचवले. एचआयव्हीच्या शोधकांपैकी एक असलेले ल्यूक माँतान्ये आणि इटलीचे व्हित्तोरियो कोलित्सी यांनी २००३ मध्ये वेगळाच अहवाल दिला. लागण या परिचारिका येण्याच्या आधीपासून होती आणि तिचे मूळ रुग्णालयातील अस्वच्छतेत व सुया पुन्हा पुन्हा वापरण्यात होते, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही २००४ मध्ये सहाही जणांना मृत्युदंड ठोठावला गेला. फेरसुनावणीनंतर २००६ मध्ये तीच शिक्षा कायम झाली. आठ वर्षे तुरुंगात काढल्यावर जुलै २००७ मध्ये त्यांची सुटका झाली, तीही न्यायालयातून नव्हे, तर राजकीय वाटाघाटींतून.

हे प्रकरण निरपराध परिचारिकांवरील अन्यायाची कहाणी म्हणून जगाला आठवते, आणि ते योग्यच आहे. पण तिला दुसरीही एक बाजू आहे. ‘आपल्या मुलांवर कोणीतरी प्रयोग केला’ हे वाक्य बेंगाझीतल्या शेकडो आईबापांना खरे का वाटले? हुकूमशहाने सांगितले म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. रुग्णालयाच्या चार भिंतींआड आपल्या शरीराचे काय केले जाते, हे विचारण्याची सोय सामान्य माणसाला कधीच नव्हती. प्रयोग कशाला म्हणतात, उपचार कशाला म्हणतात, त्यातला फरक कोण ठरवतो, तक्रार कोणाकडे करायची, यांपैकी कशाचेच उत्तर त्याच्यापाशी नव्हते. जिथे प्रश्न विचारायला खिडकी नसते, तिथे अफवेला दार सताड उघडे असते.

माणसांवर होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाचे नियमन हा विषय अशा वेळी एकदम महत्त्वाचा होतो. एरवी तो डॉक्टर आणि वकील यांच्या परिसंवादापुरता राहतो. अरब देशांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या क्षेत्रात कायदे केले, समित्या नेमल्या, परिषदा स्थापन केल्या. ते कायदे नेमके कोणाचे रक्षण करतात, असा प्रश्न आता विचारायला हवा. प्रयोगासाठी शरीर देणाऱ्या माणसाचे, की त्या शरीरावर आपला ताबा आहे असे मानणाऱ्या सरकारचे?

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. वैद्यकीय नीती ही पश्चिमेने पूर्वेला शिकवलेली गोष्ट आहे, असे अनेकदा गृहीत धरले जाते. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत केलेल्या अमानुष प्रयोगांनंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गची संहिता आली आणि १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा आला, हे खरे. पण हे नियम पश्चिमेला आपल्या पापांतून सुचले, पुण्याईतून नव्हे. त्या संहितेनंतरही अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी येथे उपदंश झालेल्या शेकडो गरीब कृष्णवर्णीयांना औषध उपलब्ध असूनही ते न देता रोग कसा वाढतो हे पाहत बसण्याचा प्रयोग १९७२ पर्यंत चालूच होता.

उलट अरबी वैद्यकाला प्रयोगाचा विचार नवा नाही. अल-राझी या वैद्याने एक हजार वर्षांपूर्वी मेंदूज्वराच्या रुग्णांचे दोन गट करून एका गटाचे रक्त काढले, दुसऱ्याचे मुद्दाम काढले नाही, आणि दोघांची तुलना केली. इब्न सीनाने आपल्या वैद्यकग्रंथात औषधाची परीक्षा कशी घ्यावी याचे सात नियम सांगितले. प्राण्यावर दिसलेला परिणाम माणसावर दिसेलच असे नाही, म्हणून अखेरची परीक्षा मानवी शरीरावरच झाली पाहिजे, हा त्यातला एक. इस्लामी धर्मशास्त्रात शरीर ही माणसाची मालमत्ता नसून त्याच्याकडे सोपवलेली ठेव मानली आहे, आणि कोणाला इजा न करणे व इजेच्या बदल्यात इजा न करणे हे तत्त्व न्यायव्यवहाराच्या पायाशी आहे. कुवेतमधील इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेने याच आधारावर २००४ मध्ये वैद्यकीय नीतीची आंतरराष्ट्रीय संहिता तयार केली. तेव्हा ‘हे सारे परकीय आहे’ असे म्हणून नियमांकडे पाठ फिरवण्याची सबब अरब राज्यकर्त्यांना उपलब्ध नाही. आणि न्याय्यपणे सांगायचे तर, त्यांपैकी बऱ्याच जणांनी ती पुढेही केलेली नाही.

कायद्यांची यादी तशी भरघोस आहे. इजिप्तच्या १९७१ च्या राज्यघटनेतच असे कलम होते की, कोणाही व्यक्तीवर तिच्या मुक्त संमतीशिवाय वैद्यकीय वा शास्त्रीय प्रयोग करता येणार नाही. २०१४ च्या घटनेत तेच कलम ६० व्या क्रमांकावर अधिक विस्ताराने आले. ट्युनिशियात राष्ट्रीय वैद्यकीय नीती समिती १९९४ पासून आहे. जॉर्डनने २००१ मध्ये औषधचाचण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०११ मध्ये तो नव्याने मांडला. सौदी अरेबियाने २००१ मध्ये जैव-वैद्यकीय नीतीची राष्ट्रीय समिती नेमली व २०१० मध्ये सजीवांवरील संशोधनाच्या नीतीचा कायदा शाही फर्मानाने लागू केला. मोरोक्कोचा कायदा २०१५ चा. इजिप्तचा स्वतंत्र कायदा मात्र यायला २०२० साल उजाडले. घटनेत अभिवचन दिल्यापासून ते पाळण्याचा कायदा होईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली, आणि मधल्या काळात संशोधन थांबलेले नव्हते.

किंबहुना या मधल्या काळातच इजिप्त औषधचाचण्यांचे मोठे केंद्र बनला. कारणे उघड आहेत. दहा कोटींच्या पुढची लोकसंख्या, गर्दीने ओसंडणारी विद्यापीठांची रुग्णालये, प्रशिक्षित डॉक्टर, कमी खर्च. आणि पूर्वी कोणतेच औषध न घेतल्यामुळे चाचणीला ‘स्वच्छ’ असलेले रुग्ण. यातला शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. ज्या दारिद्र्यामुळे माणसाला उपचार मिळालेले नसतात, तेच दारिद्र्य त्याला चाचणीसाठी लायक ठरवते. पब्लिक आय, सोमो आणि वेमोस या युरोपीय संस्था आणि इजिप्तमधील ‘इजिप्शियन इनिशिएटिव्ह फॉर पर्सनल राइट्स’ व ‘शमसेया’ यांनी मिळून २०१६ मध्ये एक अहवाल काढला. इजिप्तमध्ये चालणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या चाचण्यांत कर्करोगावरील औषधांचा वाटा मोठा होता. विम्याचे छत्र नसलेल्या, औषध विकत घेण्याची ऐपत नसलेल्या रुग्णाला चाचणीत नाव नोंदवणे हीच उपचाराची वाट उरते, हे त्या अहवालाने दाखवले. शिवाय चाचणी झालेली काही औषधे नंतर त्या देशात मिळत नव्हती, किंवा मिळाली तरी सामान्यांच्या आवाक्यात नव्हती.

अशा रुग्णाच्या संमतीला ‘मुक्त’ म्हणायचे का? त्याच्या डोक्यावर कोणी बंदूक धरलेली नाही. कागद त्याला वाचून दाखवलेला असतो. तो सहीही आपल्या हाताने करतो. पण नकार दिला तर पुढे काय, याचे उत्तर त्याला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक असते.

सही या विषयावर मला थोडे बोलण्याचा अधिकार आहे, कारण उमेदीची सगळी वर्षे मी बँकेत काढली. कर्जाच्या कागदांवर जिथे सही हवी तिथे कारकून पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो. कर्जदार आणि जामीनदार येतात आणि एकामागून एक फुल्यांवर सह्या करत जातात. जामीनदाराने तो मजकूर वाचला आहे असे टेबलाच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणीच समजत नाही. मेहुण्याला किंवा शेजाऱ्याला पैशाची निकड आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. हप्ते थकतात, नोटीस दारात येते, तेव्हा त्याला प्रथम कळते की आपण कशावर सही केली होती. कायद्याच्या दृष्टीने मात्र सही ती सही. निरक्षर माणसाचा अंगठा असेल तर साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार म्हणून बहुधा बँकेचाच शिपाई उभा असतो.

संमतीपत्राचे याहून वेगळे नाही. आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की, ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हवा. रुग्णालयातल्या वॉर्डात त्रयस्थ कोण? त्यात अरबी भाषेची आणखी एक अडचण आहे. कागद लिहिला जातो ग्रांथिक अरबीत आणि रुग्ण बोलतो कैरोची, अलेप्पोची किंवा सनाची बोली. शाळेत फार न गेलेल्या माणसाला ती ग्रांथिक भाषा मशिदीतल्या प्रवचनातली आणि सरकारी बातम्यांतली म्हणून परिचयाची असते. तिच्यात कोणी त्याला प्रश्न विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. शासकीय मराठीतले परिपत्रक वाचून डोके धरलेल्या आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ‘यादृच्छिक पद्धतीने गटवाटप’ या शब्दांचा अर्थ ‘तुम्हाला खरे औषध मिळेल की नुसती साखरेची गोळी, हे चिठ्ठी टाकून ठरेल’ असा आहे, हे रुग्णाला बोलीभाषेत सांगितले, तर किती जण सही करतील? कदाचित बरेच करतील. पण ती सही खरी असेल.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो असा की, व्यक्तीची संमती ही कल्पना व्यक्तिवादी पश्चिमेची आहे. अरब समाजात निर्णय कुटुंब घेते, वडीलधारे घेतात, स्त्रीच्या बाबतीत बाप, भाऊ किंवा नवरा घेतो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आपल्याकडेही रोगाचे नाव डॉक्टर थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सांगतात आणि आईला ‘साधी गाठ आहे’ म्हणतात. कुटुंब हे पुष्कळदा रुग्णाचे कवच असते. एकट्या माणसाला फसवणे सोपे, दहा नातेवाईकांना फसवणे कठीण. पण कवच वेगळे आणि बदली वेगळी. कुटुंबाने सल्ला द्यावा, सोबत बसावे, शंका विचाराव्यात. सुई मात्र ज्याच्या दंडात जाणार, त्याचा होकार किंवा नकार दुसऱ्या कोणाला देता येत नाही. इस्लामी दृष्टीने शरीर ही ठेव असेल, तर ती त्या माणसाकडे सोपवलेली आहे, त्याच्या मेहुण्याकडे नव्हे.

आता सरकारांकडे वळू. कायदा करताना सरकारला कोणती भीती अधिक वाटते, हे त्याच्या तरतुदींवरून कळते. या दृष्टीने २०१२ चे एक प्रकरण बोलके आहे. सौदी अरेबियातील जेद्दा येथे एक रुग्ण तीव्र न्यूमोनियाने जून महिन्यात दगावला. तेथे काम करणारे इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ अली मोहम्मद झाकी यांना रोग ओळखीचा वाटेना. त्यांनी नमुना हॉलंडमधील रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राकडे पाठवला. तिथे कळले की हा एक नवा कोरोना विषाणू आहे. झाकी यांनी सप्टेंबरमध्ये ही माहिती जगभरच्या तज्ज्ञांसाठी जाहीर केली. पुढे ‘मर्स’ या नावाने ओळखला गेलेला, नऊशेहून अधिक बळी घेणारा हा रोग जगाला कळला तो असा. झाकी यांना नोकरी गमावून इजिप्तला परतावे लागले. डच केंद्राने विषाणूच्या जनुकीय माहितीसंबंधी पेटंटसाठी अर्ज केला. नमुना आमच्या परवानगीशिवाय देशाबाहेर गेला, अशी तक्रार सौदी आरोग्य खात्याचे उपमंत्री झियाद मेमिश यांनी २०१३ मध्ये केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्कालीन प्रमुख मार्गारेट चॅन यांनी बौद्धिक संपदेचे हक्क रोगप्रतिबंधाच्या आड येता कामा नयेत, असे बजावले.

सौदी सरकारची तक्रार निव्वळ खोटी नव्हती. गरीब किंवा दुर्बल देशांतून रक्ताचे नमुने उचलायचे, परदेशी प्रयोगशाळेत त्यांवर संशोधन करायचे, पेटंट घ्यायचे आणि तयार झालेले औषध त्याच देशाला भारी किमतीने विकायचे, हा अनुभव जगाने घेतलेला आहे. पण या भांडणातल्या पक्षकारांकडे पाहावे. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला परदेशी प्रयोगशाळा, मध्ये नोकरी गमावलेला शास्त्रज्ञ. ज्याच्या फुफ्फुसांतून तो नमुना घेतला, त्या माणसाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या परवानगीची गोष्ट या वादात जवळजवळ कोणी काढलीच नाही. नमुना सौदीचा की हॉलंडचा, एवढाच वाद होता.

इजिप्तच्या कायद्याच्या जन्मकथेतही हेच दिसते. संसदेने मे २०१८ मध्ये विधेयक मंजूर केले. अध्यक्ष अब्देल फताह अल-सिसी यांनी त्यावर सही न करता ते परत पाठवले. मानवी नमुने परदेशी पाठवण्याची व परदेशी भागीदारीची कलमे, सर्वोच्च परिषदेची रचना आणि शिक्षेच्या तरतुदी यांवर त्यांचे आक्षेप होते. शिक्षेविषयीचा आक्षेप रास्त होता, कारण नुसती प्रश्नावली घेऊन फिरणारा संशोधक आणि नवे औषध टोचणारा संशोधक यांना एकाच मापाने मोजणे चूकच. सुधारलेला कायदा २०२० चा २१४ क्रमांकाचा कायदा म्हणून डिसेंबरमध्ये लागू झाला व त्याचे नियम २०२२ मध्ये आले. लेखी संमती, मुले, गर्भवती व कैदी यांच्यासाठी विशेष संरक्षण, विम्याची सक्ती, संमतीवाचून प्रयोग करणाऱ्यास कैद व दंड, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. त्याबरोबरच परदेशी संस्थांसह होणाऱ्या संशोधनासाठी सर्वसाधारण गुप्तचर खात्याचे मत घेण्याचीही तरतूद आहे. रुग्णाच्या हिताचा विचार करणाऱ्या कायद्यात गुप्तचर खाते कशासाठी? उत्तर सरळ आहे. इजिप्शियन माणसाचे रक्त आणि जनुके ही राष्ट्रीय सुरक्षेची बाब आहे, असे शासनाला वाटते. रक्त देणारा माणूस यात दुय्यम ठरतो.

पण देशाबाहेरच्यांविषयी इतके सावध असणारे शासन स्वतःविषयी तितकेच सावध असते का? २०१४ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या लष्कराने एड्स आणि हेपॅटायटिस सी बरे करणारे यंत्र शोधल्याची घोषणा पत्रकार परिषदेत केली. त्याचे जनक म्हणून मेजर जनरल इब्राहिम अब्देल-आती यांना पुढे आणले गेले. यंत्र रोग शोषून घेते आणि रुग्णाला त्याचा खिमा करून परत देते, अशा आशयाचे त्यांचे बोल देशभर ‘कोफ्ता’ या नावाने विनोदाचा विषय झाले. चाचणीचे निष्कर्ष कोणत्याही मान्यवर नियतकालिकात छापलेले नव्हते. तेव्हाच्या हंगामी अध्यक्षांचे शास्त्रीय सल्लागार एसाम हेगी यांनी ही देशाची नामुष्की असल्याचे उघड सांगितले. जून अखेरीस उपचार सुरू व्हायचे होते. ते पुढे ढकलले गेले आणि यंत्र कायमचे विस्मृतीत गेले.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. इजिप्तमध्ये हेपॅटायटिस सी हा घरोघरचा रोग होता. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील १४.७ टक्के लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या होत्या. इतका प्रसार होण्यामागेही सरकारी मोहिमेचा हात होता. १९५० च्या दशकापासून सुमारे तीन दशके नाईलच्या काठच्या खेड्यांत बिल्हार्झिया या कृमिरोगावर इंजेक्शने देण्यात आली, आणि सुया नीट निर्जंतुक न करता वापरल्यामुळे एका रोगाच्या उपचारातून दुसरा रोग पसरला. त्या पिढीला पुन्हा एकदा एका अप्रमाणित यंत्रापुढे रांग लावायला सांगितले जात होते. अशा प्रसंगी नीती समितीने ‘थांबा’ म्हणायचे असते. पण समिती ज्या शासनाने नेमलेली, यंत्रही त्याचेच असेल, तर तो शब्द कोण उच्चारणार?

त्याच रोगाच्या बाबतीत पुढे जे घडले ते मुद्दाम सांगितले पाहिजे. सोफोस्बुविर या औषधाची चाचणी इजिप्शियन रुग्णांवर रीतसर झाली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये सरकारने कंपनीशी घासाघीस करून, अमेरिकेत ८४ हजार डॉलर पडणारा बारा आठवड्यांचा उपचार ९०० डॉलरला मिळवला. पुढे स्थानिक कंपन्यांनी तो आणखी स्वस्त केला. २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी झाली आणि लाखोंवर मोफत उपचार झाले. ज्या समाजाने शरीर दिले, त्याच समाजाला औषध मिळाले. नीतीच्या ग्रंथांतले ‘न्याय’ हे तत्त्व व्यवहारात कसे दिसते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. याच अरब भूमीवर हे घडले, म्हणून ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

आखाती देशांचा प्रश्न आणखी निराळा आहे, आणि तिथे आपला संबंध थेट पोचतो. जुलै २०२० मध्ये अबुधाबीत सिनोफार्म या चिनी कंपनीच्या कोविड लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू झाली. अबुधाबीच्या आरोग्य विभागाच्या प्रमुखांनी पहिली लस स्वतः टोचून घेतली. पुढे बहारीनच्या युवराजांनीही चाचणीत भाग घेतला. राज्यकर्त्यांनी आधी आपला दंड पुढे करावा, ही गोष्ट प्रशंसनीय आहे. निष्कर्ष मे २०२१ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात रीतसर छापले गेले. ४० हजार ३८२ लोक चाचणीत होते, आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण ८४.४ टक्के होते. एवढे पुरुष कुठून आले, हे त्या प्रदेशाची लोकसंख्या पाहिली की कळते. संयुक्त अरब अमिरातीत दहातले जवळजवळ नऊ जण परदेशी आहेत, त्यांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा. आणि त्यांतले बहुसंख्य घरदार मागे ठेवून आलेले पुरुष आहेत. केरळातले, आंध्र-तेलंगणातले, आणि आपल्या रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतलेही.

कोणावर जबरदस्ती झाली, असा आरोप मी करत नाही. प्रश्न रचनेचा आहे. ज्या माणसाचा परवाना, मुक्काम आणि परतीचे तिकीट एका मालकाच्या हाती असते, त्याच्यापुढे मालकाच्या किंवा सरकारच्या शिक्क्याचे आवाहन येते, तेव्हा त्याचा होकार मोजायचा कसा? कैदी, सैनिक, विद्यार्थी यांना संशोधनाच्या नियमांत ‘दुर्बल गट’ मानतात, कारण नकार देण्याची किंमत त्यांना अधिक पडते. स्थलांतरित मजूर हा त्याच रांगेत बसतो. समितीवर त्याच्या बाजूने बोलणारा, त्याची भाषा जाणणारा कोणी असेल, तर त्या होकाराला अर्थ येईल. ही मागणी तिथल्या सरकारांकडे करण्याचे काम आपल्या वकिलातींचेही आहे.

अर्थात अशी मागणी करताना आपण पाटावर बसून उपदेश करतो आहोत, असा आव आणण्याचे कारण नाही. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला, तेव्हा खम्ममच्या वसतिगृहांतील मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे आढळले. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका चालल्या, नुकसानभरपाईचे नियम झाले, आणि २०१९ मध्ये औषधचाचण्यांची नवी नियमावली आली. आपल्याकडे कायदा शहाणा झाला तो वृत्तपत्रे, संसद, न्यायालये आणि चिवट कार्यकर्ते यांनी त्याच्यामागे धोशा लावल्यामुळे. अरब देशांतली उणीव नेमकी इथे आहे. त्यांच्या कायद्याचा मसुदा अनेक बाबतींत आपल्याइतकाच, काही बाबतींत आपल्याहून नेटका आहे. त्या कायद्याला जाब विचारणारे कोणी बाहेर उभे नाही.

इजिप्तमध्ये २००८ पासून नीती समित्यांचे एक जाळे काम करते. जॉर्डन, लेबनॉन, ट्युनिशियातली विद्यापीठे प्रशिक्षण देतात. या समित्यांवरची माणसे प्रामाणिक आहेत आणि त्यांचे काम वाढते आहे. पण समितीचा अध्यक्ष रुग्णालयाच्या अधिष्ठात्याचा सहकारी, सदस्य त्याचे कनिष्ठ, आणि मंजुरीला आलेला प्रकल्प त्याच अधिष्ठात्याचा, असे असेल तर नकार लिहिणारे पेन कचरते. बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्याने त्याच कर्जाची तपासणी करायची नसते, हा नियम कारकुनालाही ठाऊक असतो. माणसाच्या शरीराच्या बाबतीत तो शिथिल का असावा?

येमेन, सीरिया, सुदान, लिबिया यांची तर गोष्टच नको. जिथे शासनच मोडून पडले, तिथे कायद्याचे पुस्तक कपाटात राहते. युद्धाने हाकललेली माणसे छावण्यांत जमतात, आणि छावणी ही संशोधकाला सोयीची जागा असते. माणसे एका ठिकाणी, दुःख भरपूर आणि नकार देण्याची ताकद कमी. बैरूतमधील शतीला या पॅलेस्टिनी छावणीत इतकी संशोधने झाली की, येणारे जाणारे प्रश्न विचारून जातात आणि आमचे काहीच बदलत नाही, या तेथील रहिवाशांच्या वैतागावरच २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला.

मग करायचे काय? कायद्यांची संख्या आणखी वाढवून हे सुटणार नाही. समितीवर संस्थेबाहेरची, शक्य तर रुग्णांमधली माणसे हवीत आणि त्यांना नकाराचा खरा अधिकार हवा. प्रत्येक चाचणीची नोंद आणि तिचा निष्कर्ष, यश असो वा अपयश, लोकांना पाहता येईल अशा ठिकाणी हवा. किती प्रकल्प नाकारले, किती रुग्णांना इजा झाली, किती भरपाई दिली, याचा हिशेब दरवर्षी छापला पाहिजे. आणि संमतीचा कागद रुग्णाच्या बोलीत लिहिलेला हवा. यांतल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. लागते ती, आपल्यावर कोणी नजर ठेवावी हे सोसण्याची शासनाची तयारी.

अरब सरकारांनी आपल्या माणसांची रक्ते परदेशी जाऊ नयेत म्हणून पहारे बसवले, ते एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. पण त्या रक्ताचा पहिला धनी ज्याच्या धमन्यांतून ते वाहते तो माणूस आहे, हे कबूल करायला त्यांची जीभ अजून अडखळते. ती अडखळेल तोवर संमतीपत्रावरच्या सह्या वाढत राहतील, आणि पुढच्या वेळी एखाद्या रुग्णालयात मुले आजारी पडली की आईबाप पुन्हा अफवेवरच विश्वास ठेवतील. त्याचा दोष त्यांना देता येणार नाही.